घरात दुसरा हॅमस्टर येतो तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

हॅमस्टर पाळणाऱ्या घरात एक प्रश्न कधी ना कधी निघतोच. आपला हॅमस्टर दिवसभर एकटा पडून असतो, रात्री एकटाच चाकावर धावतो. त्याला एखादा सोबती आणूया का? या प्रश्नामागे खरी माया असते. म्हणूनच मला त्यावर जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण मायेने आणलेला सोबती कित्येकदा जिवावर उठतो.

आधी पाहायचं ते आपल्याकडचा हॅमस्टर कोणत्या जातीचा आहे. अंगाने मोठा, बहुतेकदा सोनेरी रंगाचा, तो सीरियन हॅमस्टर. पाळीव हॅमस्टरांमध्ये हा फार आढळतो. त्याच्याबाबत मी स्पष्टच सांगते: मोठा झालेला सीरियन हॅमस्टर दुसऱ्या हॅमस्टरसोबत ठेवायचाच नाही. नर असो, मादी असो, सख्खी भावंडं असोत. ओळख हळूहळू करून दिली, पिंजरा मोठा घेतला, तरी उत्तर बदलत नाही.

याचं कारण त्याच्या मूळ राहणीत आहे. 1930 साली सीरियातल्या अलेप्पोजवळ एक मादी आणि तिची पिल्लं बिळातून खणून काढली गेली. आज जगभर पाळले जाणारे जवळजवळ सगळे सीरियन हॅमस्टर त्याच कुटुंबाचे वंशज आहेत. त्या भागातल्या शेतांमध्ये पुढे संशोधकांनी रानटी हॅमस्टरांची बिळं तपासली, तेव्हा एकाही बिळात एकापेक्षा जास्त प्रौढ प्राणी सापडला नाही. दोन राहत्या बिळांमध्ये शंभर मीटरहून अधिक अंतर होतं. शेजारीसुद्धा इतका लांब ठेवणारा हा जीव. त्याच्या कुशीवर गंधग्रंथी असतात. त्या घासून तो आपली हद्द आखतो, आणि त्या हद्दीत दुसऱ्याचा वास आला की तो घुसखोर ठरतो. मोकळ्या शेतात हरणारा पळून जातो. पिंजऱ्यात पळायला जागाच नसते, म्हणून तिथली भांडणं मरणापर्यंत जातात.

‘दुकानात तर ते एकत्र झोपले होते,’ असं पुष्कळजण म्हणतात. खरं आहे, पण ती पिल्लं असतात. चारपाच आठवड्यांची होताच ती वयात येऊ लागतात. नर-मादी तेव्हाच वेगळे करावे लागतात, आणि आणखी काही आठवड्यांत प्रत्येकाला स्वतंत्र पिंजरा लागतो. उशीर केला तर भांडणाआधी पिल्लावळ दिसेल. सीरियन मादीचा गर्भकाळ अवघा सोळा दिवसांच्या आसपास असतो. चिनी हॅमस्टरही एकटाच ठेवावा, हेही इथेच सांगते.

आता लहान चणीचे, म्हणजे ड्वार्फ हॅमस्टर. कॅम्पबेल, विंटर व्हाइट आणि रोबोरोव्स्की या जातींत कधीकधी सोबत जमते. ‘कधीकधी’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरते आहे. जमते ती बहुधा लहानपणापासून एकत्र वाढलेल्या, एकाच लिंगाच्या भावंडांची. पिंजऱ्यात आधीच राज्य करणाऱ्या प्रौढाकडे अनोळखी पाहुणा आणायचा तर माझा सल्ला नको असाच आहे. वेगवेगळ्या जाती तर मुळीच एकत्र करू नका. कॅम्पबेल आणि विंटर व्हाइट दिसायला इतके सारखे की ओळखण्यात गफलत होते, आणि त्यांचा संकर झाला तर मादीला प्रसूतीत जिवाचा धोका असतो.

तरीही ड्वार्फ हॅमस्टरांची जोडी जमवायचा प्रयत्न काहीजण करणारच, तर निदान घाई करू नका. नव्या पाहुण्याला दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा. शिंका, जुलाब, केस गळणं, खाज असं काही आढळलं तर ते तिथेच कळतं. एकाला हाताळल्यावर हात साबणाने धुवा, मगच दुसऱ्याला घ्या. नंतर एकाच्या अंथरुणातला थोडा भुसा दुसऱ्याकडे टाका, म्हणजे वासाची ओळख होईल. पुढे मध्ये बारीक जाळी लावून दोघांना शेजारी ठेवा. जाळी चावणं, दात वाजवणं, किंचाळणं थांबत नसेल तर तिथेच थांबा.

प्रत्यक्ष भेट दोघांपैकी कुणाच्याच मालकीच्या नसलेल्या, स्वच्छ धुतलेल्या जागेत करायची. चाक, पाण्याची बाटली, खाण्याची वाटी, लपायचं घर, सगळं दोन-दोन हवं, आणि प्रत्येक घराला दोन दारं हवीत. एकच दार असलं की आत शिरलेला कोंडला जातो. मजले आणि नळ्या नकोत, त्या एकजण बळकावून बसतो. थोडं हुंगणं, थोडा पाठलाग, एकाने उताणं पडणं, एवढं चालतं. दोघं एकमेकांना घट्ट धरून गरगर लोळू लागले किंवा रक्त दिसलं, तर क्षणभरही थांबायचं नाही. मात्र मध्ये उघडा हात घालू नका, कडकडून चावा बसेल. जाड पुठ्ठा दोघांमध्ये सरकवा किंवा एकावर भांडं पालथं घाला.

एक गोष्ट फार निसटते. हॅमस्टर रात्री जागतो, आणि खरी भांडणं आपण झोपल्यावर होतात. दिवसा गुण्यागोविंदाने झोपलेली जोडी पाहून निश्चिंत होऊ नका. आठवड्यातून एकदा दोघांचं वजन करा. शेपटीजवळ, पाठीमागे आणि कानांवर केस बाजूला करून जखमा पाहा. एकजण सतत कोपऱ्यात दबून बसतो, चाकाकडे फिरकत नाही, वजनाने उतरतो आहे, तर रक्त निघण्याची वाट पाहू नका. त्यांना वेगळं करा, आणि वेगळं केल्यावर पुन्हा जुळवायला जाऊ नका. चाव्याची जखम वरून छोटी दिसली तरी आत पू धरते, तेव्हा पशुवैद्यांना दाखवा.

म्हणून दुसरा हॅमस्टर आणायचं ठरवलं तर सुरुवातीपासून दुसरा पूर्ण पिंजरा तयार ठेवा, आणि दोन्ही पिंजरे अगदी चिकटून नकोत. आणि ज्याला एकटं पाहून तुम्हाला वाईट वाटत होतं, त्याला खणायला वीतभर खोल भुसा द्या, पाठ वाकणार नाही एवढं मोठं चाक द्या, दाणे वाटीत न ठेवता पिंजरभर विखरून टाका. संध्याकाळी तो स्वतःहून जागा झाला की त्याच्याशी बोला, हातावर यायचं की नाही हे त्यालाच ठरवू द्या. आपल्या बिळात तो एकटा असतो, पण एकाकी नसतो, हे घरातल्या मुलांनाही जरूर समजावून सांगा.

नमस्कार.