मदतीचा पैसा आणि वर्गातली भाषा

मंडळी, आजचा विषय नेपाळच्या शिक्षणाला मिळालेल्या परकीय मदतीचा आहे; पण त्याकडे मी आपल्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका हिंदी प्राथमिक शाळेतून जाणार आहे, कारण ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला हा प्रश्न पुस्तकाआधी अनुभवाने कळलेला असतो.

माझ्या आडनावात ‘ळ’ आहे. पहिलीत गुरुजींनी हजेरीपटावर तेथे ‘ल’ लिहिला, आणि मी पाटीवर घरच्यासारखे नाव काढले तेव्हा ते अक्षर पुसून, असे अक्षरच नसते, असे साऱ्या वर्गासमोर सांगितले. संध्याकाळी आजीला विचारले, तर ती म्हणाली, ‘अरे, मग तू जातोस ती शाळा तरी कशी लिहायची?’ गुरुजी दुष्ट नव्हते. घरी दुसरी भाषा बोलणाऱ्या मुलाला कसे शिकवावे, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. मी मात्र वर्षभर वर्गात तोंड उघडले नाही आणि प्रगतिपुस्तकावर ‘मंद’ असा शेरा आला. तो मला आजही बोचतो.

माझी अडचण एका अक्षराची होती, लिपी तर एकच होती. नेपाळमधल्या रसुवा जिल्ह्यातल्या तामांग मुलाची भाषा तिबेटी-बर्मी कुळातली. शाळेतल्या नेपाळीशी तिचे नातेच नाही. त्या मुलाच्या गप्प बसण्याला किती जणांनी ‘मंद’ म्हटले असेल, याचा विचार करावा.

आणि येथे मदतीचा इतिहास सुरू होतो. 1956 साली नेपाळच्या शिक्षण नियोजन आयोगाने अमेरिकी साहाय्याने आणि अमेरिकी सल्लागार ह्यू वुड यांच्या मार्गदर्शनाखाली जो अहवाल दिला, त्यात केवळ नेपाळी माध्यमाची शिफारस होती. पुढे राजाच्या हाती सत्ता असलेल्या पक्षविरहित पंचायत राजवटीने एक भाषा, एक वेष हेच राष्ट्रीय धोरण केले. पन्नास वर्षांनी, 2007 ते 2009 या काळात, फिनलंडच्या पैशाने सहा जिल्ह्यांतल्या सात शाळांमध्ये तामांग, मगर, राजवंशी, संथाळी, उरांव अशा भाषा वर्गात परत आणण्याचा प्रयोग झाला. गावातल्या जाणत्या माणसांकडून गोष्टी आणि वनौषधींची माहिती गोळा करून त्यातून मुलांची पुस्तके तयार झाली. म्हणजे परदेशी मदतीच्या आधाराने जे वर्गाबाहेर गेले, तेच आत आणण्यासाठी पुन्हा परदेशी मदत लागली. माझ्या मते या इतिहासातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, म्हणून मुख्य मुद्दा थोडक्यात मांडतो. पहिल्या वर्षी पहिलीत आलेले मूल तीन वर्षांच्या प्रकल्पात जेमतेम तिसरीपर्यंत पोचते. प्राथमिक शिक्षण तेव्हा पाच वर्षांचे होते. 2015 च्या संविधानाच्या 31व्या कलमाने प्रत्येक समुदायाला मातृभाषेत शिक्षणाचा हक्क दिला, आणि 2021 च्या जनगणनेत 124 भाषा नोंदल्या गेल्या. परंतु हक्क बजावायला त्या भाषेचा शिक्षक लागतो. देणगीदार प्रशिक्षण देतो, पुस्तके छापतो. शिक्षकाचा पगार मात्र वर्षानुवर्षे सरकारी तिजोरीतून निघावा लागतो. म्हणून करारावर सही करण्यापूर्वी देणगीदाराने एवढेच विचारावे, की आमचा पैसा थांबल्यावर रसुवातल्या त्या शाळेत तामांग बोलणारी शिक्षिका कायम पदावर असेल का, आणि तिच्या पगाराची तरतूद कोणत्या अंदाजपत्रकात आहे.