पुठ्ठ्याचा सूर्य आणि भावोजींचा चहा

नमस्कार, श्रोतेहो. आज एका जर्मन मूकपटाबद्दल बोलायचंय. एर्न्स्ट लुबिच यांचा 1919चा 'डी पुप्पं', म्हणजे 'बाहुली'. जेमतेम तासाभराचा.

लान्सेलॉट नावाचा लाजरा मुलगा. काकाला घराण्याला वारस हवा. लग्नासाठी चाळीस मुली मागे लागतात, तो पळून मठात लपतो. तिथले संन्यासी खाण्यात पटाईत, लग्नात काका देणार त्या पैशांवर डोळा! ते सुचवतात, बाहुलीशीच लग्न कर. बाहुली ऐन वेळी मोडते आणि तिच्या जागी कारागिराची मुलगी उभी राहते. ते काम ओस्सी ओस्वाल्डाचं. निव्वळ तिच्यासाठी बघा.

हा सिनेमा काहींना भारी आवडतो, काहींना पोरकट वाटतो. का, ते मला आमच्या दिवाणखान्यात कळलं. भिंतीवर चादर लावली होती. सासूबाई, दीर म्हणजे आमचे भावोजी आणि मी. सिनेमा सुरू झाला आणि भावोजी चहा टाकायला उठले. (चहा उकळवून कडू करणाऱ्यांपैकी आहेत ते. आलं शेवटी घालायचं असतं, पण सांगणार कोण?)

परत आले आणि सुरुवात. लान्सेलॉट पाण्यात पडला, सूर्याची विनवणी करू लागला. "हा सूर्य पुठ्ठ्याचा आहे!" घोडे आले. "आत माणसं आहेत, पाय बघा!" पोरगा घाबरला तर त्याचं काळीज खरोखर घसरून विजारीत! जर्मनमध्ये तसंच म्हणतात, आपल्याकडे पाचावर धारण बसते तसं. भावोजी म्हणाले, "सगळं खोटं."

सासूबाई मालवणच्या, दशावतारावर वाढलेल्या. एक बाकडं, तेच सिंहासन आणि तोच डोंगर. त्या म्हणाल्या, "अरे, तेनी पयलाच सांगल्यान, ह्यो खेळ म्हणान! तू तेव्हा चाय करीत होतस."

श्रोतेहो, पहिलं मिनिट चुकवू नका. परत सांगते, पहिलं मिनिट. त्यात लुबिच स्वतः येतात, पेटीतून खेळण्यातलं घर आणि झाडं काढून मांडतात, दोन बाहुल्या घरात ठेवतात. मग त्याच घरातून जिवंत माणसं बाहेर येतात. ते पाहिलं नाही, तर पुढचा सगळा सिनेमा गबाळा वाटतो.

बाकी मला नवं संगीत चढवलेल्या प्रती आवडत नाहीत. पेटी बडवल्यासारखा पियानो चालू असतो. आवाज बंद करून बघा, भांडी घासायचीही राहत नाहीत लक्षात.

हां, तर भावोजींना मी सुरुवात परत दाखवली. पेटी, घर, झाडं. गप्प बसून पाहिलं त्यांनी. मग म्हणाले, "पुढचंही परत लाव."

या वेळी चहाला कोणीच उठलं नाही.