आधी गाऱ्हाणं, मग स्वीकार

(एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नकार आला की श्रद्धावान माणसाच्या तोंडून पहिल्या तासाभरातच एक वाक्य निघतं: ‘देवाची इच्छा.’ नोकरीच्या मुलाखतीत नाव आलं नाही, ठरत आलेलं लग्न मोडलं, हस्तलिखित परत आलं, जवळच्या मित्राने बोलणं टाकलं, तरी वाक्य हेच. वाक्यात चूक काही नाही. चूक आहे ती वेळेची. जे शेवटी यायला हवं ते पहिल्यांदा म्हटलं गेलं, की मधलं सगळं काम राहून जातं. आज मी त्या मधल्या कामाबद्दलच बोलणार आहे.

आधी दुखण्याविषयी. ‘श्रद्धा असती तर एवढं लागलं नसतं’ हा समज पुष्कळांच्या मनात असतो आणि तो दुखण्यावर अपराधीपणाचा आणखी एक थर चढवतो. २००३ साली आयझेनबर्गर, लीबरमन आणि विल्यम्स या संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. मेंदूची प्रतिमा घेणाऱ्या यंत्रात झोपलेला माणूस पडद्यावर इतर दोघांबरोबर चेंडू झेलण्याचा खेळ खेळतो. थोड्या वेळाने ते दोघं त्याच्याकडे चेंडू टाकायचंच थांबवतात. एवढ्याशा वगळण्यानेही मेंदूचा जो भाग शारीरिक वेदनेच्या त्रासाशी जोडला जातो तिथली हालचाल वाढलेली दिसली. या निष्कर्षाचा नेमका अर्थ काय लावायचा यावर पुढे वाद झाले, ते असोत. आपल्यापुरतं एवढं पुरे, की नकार लागणं ही भक्तीतली उणीव नाही. शरीर आपलं काम करतंय.

आता नकार आत कसा उतरतो ते पाहू. सर्वांत वर असते ती बातमी: ‘निवड झाली नाही.’ तिच्याखाली स्वतःविषयीचा निष्कर्ष: ‘मी कुचकामी आहे.’ हे दोन थर नास्तिकालाही असतात. श्रद्धावानाला तिसराही असतो: ‘देवाने मला टाकलं’ किंवा ‘ही कशाची तरी शिक्षा आहे.’ सगळ्यांत खोल आणि सगळ्यांत कमी उच्चारला जाणारा थर हाच. माणूस रोजची पूजा, नमाज, प्रार्थना चालू ठेवतो आणि आत हा निकाल धरून बसतो.

तो धोकादायक का, याचं एक ठोस उत्तर आहे. केनेथ पारगमेंट या मानसशास्त्रज्ञाने धर्माच्या आधाराने संकट झेलण्याच्या पद्धतींचा अभ्यास केला. त्याच्या सहकाऱ्यांबरोबरचा एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. त्यात रुग्णालयात दाखल झालेल्या, ५५ वर्षांवरच्या ५९६ रुग्णांचा सुमारे दोन वर्षं मागोवा घेतला होता. ‘देवाने मला सोडलं’, ‘देवाचं माझ्यावर प्रेमच नाही’ अशा विचारांशी झगडणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका जास्त आढळला. आजाराची तीव्रता वगैरे बाबी हिशेबात धरूनही. हे आजारी, वयस्क माणसांबद्दलचं निरीक्षण आहे. मुलाखतीत नापास झालेल्या तरुणाला ते जसंच्या तसं लावू नये. पण पुढे त्याच संशोधकांना असंही दिसलं, की जास्त हानी होते ती हा झगडा दीर्घकाळ तसाच राहिलेल्यांची. म्हणजे प्रश्न पडणं हा आजार नव्हे. प्रश्न आत कोंडून ठेवणं जड जातं.

मग तो बाहेर काढायचा कुठे? धर्मपरंपरांनी याची सोय फार जुनी करून ठेवली आहे आणि आपण ती वापरत नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं. बायबलच्या जुन्या करारातल्या हिब्रू स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत आणि त्यांतला फार मोठा वाटा विलापाचा आहे. तेराव्या स्तोत्रात ‘कुठवर?’ हा प्रश्न चारदा येतो. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची एकही ओळ नाही. तरीही ते प्रार्थना म्हणूनच संहितेत राहिलं. कुराणातल्या बाराव्या सूरेत, म्हणजे अध्यायात, मुलगा हरवलेला प्रेषित याकूब एकीकडे ‘सुंदर सब्र’ (धीर) म्हणतो आणि त्याच सूरेत पुढे ‘माझ्या दुःखाची तक्रार मी अल्लाहकडेच करतो’ असंही म्हणतो. तक्रार आणि सब्र एकाच माणसात, एकाच वेळी. आणि आपल्या तुकोबांचे करुणापर अभंग वाचलेल्यांना वेगळं सांगायला नको. ‘माझ्या लेखी देव मेला’ इथवर ते जातात. जनाबाई विठ्ठलाला ज्या शब्दांत फैलावर घेते, ते शब्द आज कुणी देवळात उच्चारले तर लोक चपापतील.

चोखोबांपाशी थोडं थांबतो, कारण नकाराचा सगळ्यांत अवघड प्रकार त्यांच्या वाट्याला आला: देवाच्या नावाने माणसांनी दिलेला नकार. जातीमुळे त्यांना देवळाचं दार बंद होतं. त्यांच्या अभंगांत दुःख आहे, राग आहे, विठ्ठलाला थेट विचारलेले प्रश्न आहेत. पण दार अडवणाऱ्यांचा निर्णय हाच विठ्ठलाचा निर्णय, असं त्यांनी मानलं नाही. माझ्या मते श्रद्धेच्या आधाराने नकार पचवण्याचं मर्म इथे आहे. निवड समितीने नाही म्हटलं, त्या मुलीने नाही म्हटलं, संपादकाने नाही म्हटलं. ज्याने म्हटलं त्याच्या नावावर तो नकार राहू द्या. तो देवाच्या खात्यावर चढवायची घाई आपणच करतो.

तर गाऱ्हाणं प्रत्यक्ष कसं मांडायचं? लिहून. मनातल्या मनात केलेली तक्रार गोल गोल फिरते. कागदावर तिला शेवट येतो. मनातलं लिहून काढण्यावर जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात प्रयोग सुरू केले. त्यांची रीत अशी: सलग तीन-चार दिवस, रोज १५ ते २० मिनिटं, न थांबता, शुद्धलेखनाची पर्वा न करता लिहायचं. तीच चौकट घ्या, फक्त कागद देवाला उद्देशून लिहा. सुरुवात हाक मारून करा, ज्या नावाने एरवी मारता त्याच नावाने. मग काय घडलं ते दोन वाक्यांत, विशेषणं न लावता: ‘मंगळवारी पत्र आलं, निवड झालेली नाही.’ त्यानंतर काय लागलं ते. बहुतेक वेळ इथेच जाऊ द्या. राग देवावर असेल तर तसंच लिहा. मग मागणं मांडा आणि ते स्पष्ट असू द्या. ‘शांती दे’ हे फार मोघम झालं. ‘उद्या ऑफिसात त्याच्यासमोर बसायचं बळ दे’ हे मागणं. शेवटी, जमलं तरच, विश्वासाची एखादी ओळ. नाही जमली तर कागद तसाच मिटा. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राची मुभा तुम्हालाही आहे.

यात काय बिघडतं? एक म्हणजे लोक थेट शेवटच्या ओळीवर उडी मारतात आणि दुसऱ्या दिवशी म्हणतात, ‘काही उपयोग झाला नाही.’ दुसरं, गाऱ्हाणं देवाला लिहायला बसतात आणि रात्री अकरा वाजता नकार देणाऱ्यालाच पाठवून मोकळे होतात. म्हणून फोनवर लिहू नका, कागदावर लिहा आणि झोपायच्या अगदी तोंडावर नको. तिसरं जरा सूक्ष्म आहे. चौथ्या दिवशीही शब्दन् शब्द पहिल्या दिवसाचाच येत असेल, तर ते गाऱ्हाणं उरलेलं नाही, उगाळणं सुरू झालंय. तिथे लिहिणं थांबवा आणि कुणा माणसाशी बोला.

गाऱ्हाणं मांडून झाल्यावर, त्याआधी नाही, कारणांचा हिशेब. इथे गीतेच्या अठराव्या अध्यायातला चौदावा श्लोक फार उपयोगी आहे. कोणतंही कर्म घडायला पाच कारणं लागतात असं तो सांगतो: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणं म्हणजे साधनं, वेगवेगळ्या चेष्टा म्हणजे प्रयत्न, आणि पाचवं दैव. अधिष्ठानाचा अर्थ भाष्यकार शरीर असा करतात. रोजच्या वापरासाठी तो जरा रुंद करून ‘ज्या परिस्थितीत काम घडलं ती’ असा घ्यायला माझी हरकत नाही.

मुलाखतीचंच घ्या. पाच ओळी आखा. परिस्थिती: जागा एक, अर्जदार पुष्कळ. कर्ता: मी थकलेला होतो, आदल्या रात्री जागलो. साधनं: अर्जात गेल्या दोन वर्षांचं काम नीट मांडलंच नव्हतं. प्रयत्न: अपेक्षित प्रश्नांची उत्तरं मोठ्याने म्हणून पाहिली नाहीत. दैव: ऐन वेळी पदाची अटच बदलली. आता प्रत्येक ओळीसमोर लिहा, यातलं माझ्या हातात किती. सहसा दोन ओळींत काहीतरी बदलता येण्यासारखं सापडतं, बाकीच्यांत नाही. काही लोक सगळं ‘कर्ता’मध्ये कोंबतात आणि स्वतःला झोडपतात, त्यांनी याच अध्यायातला सोळावा श्लोक वाचावा, केवळ स्वतःलाच कर्ता मानणाऱ्याला तिथे नीट दिसत नाही असं म्हटलं आहे. काही लोक सगळं दैवात टाकतात आणि पुढच्या अर्जातही तीच चूक करतात. श्लोकात दैव आहे, पण पाचवं आहे.

पारगमेंट आणि सहकाऱ्यांनी १९८८मध्ये श्रद्धावानांच्या तीन रीती वेगळ्या केल्या होत्या. काही जण सगळं स्वतःच निस्तरतात, काही सगळं देवावर सोपवून वाट बघतात, काही देवाबरोबर मिळून काम करतात. आपली रीत कोणती हे ओळखायची सोपी खूण आहे. प्रार्थना संपवून उठल्यावर पुढच्या दिवसभरात करायचं एखादं छोटं काम डोळ्यांसमोर आहे का? एक फोन, अर्जातला एक परिच्छेद, काहीही. आठवडाभर ते नसेलच, तर प्रार्थना लपायची जागा झाली आहे. (गंभीर आजारात किंवा मृत्यूच्या दुःखात ही खूण लावू नका. तिथे हातात काही नसतं आणि सोपवणं हेच करण्यासारखं उरतं.)

नामस्मरणाबद्दल थोडक्यात. नकारानंतर मन ठरावीक वेळी घसरतं: पहाटे जाग आल्यावर, किंवा नकार देणाऱ्या व्यक्तीचं प्रोफाइल उघडायला बोट शिवशिवतं तेव्हा. ‘आठवण आली की नाम घेईन’ असा मोघम संकल्प टिकत नाही. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञांच्या संशोधनातून दिसलं, की ‘अमुक झालं की तमुक करीन’ असं प्रसंगाला बांधून ठरवलेलं जास्त पार पडतं. म्हणून असं ठरवा: ‘प्रोफाइल उघडावंसं वाटलं की आधी फोन पालथा ठेवून अकरा वेळा नाम, प्रत्येक नामाबरोबर एक सावकाश उच्छ्वास.’ मिनिटभराचं काम आहे. त्यानंतरही उघडलंत तर उघडलंत. पुढच्या वेळी पुन्हा तेच. घोटाळा होतो तो नामाची लाच होते तेव्हा. ‘लाख जप केला, आता तरी हो म्हण’ असं झालं की दुसरा नकार पहिल्यापेक्षा जास्त मोडतो, कारण आता देवानेही करार मोडलेला असतो. नकाराच्या पहिल्या आठवड्यात नवस बोलू नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

ज्यांच्या घरात कुणी असा नकार झेलत असेल त्यांच्यासाठी एक सूचना. ‘देवाने याहून चांगलं ठेवलं असेल’ असं म्हणू नका. हे आश्वासन देवाने तुमच्याजवळ दिलेलं नाही आणि ते खोटं ठरलं तर ऐकणाऱ्याची श्रद्धाच उणी होते. बायबलमध्ये ईयोब नावाच्या भक्तावर एकामागून एक संकटं कोसळतात. त्याचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत. तोवर ते उत्तम मित्र होते. बिघडलं ते त्यांनी कारणं सांगायला सुरुवात केल्यावर. जवळ बसा, ‘फार वाईट झालं’ म्हणा आणि जेवण झालं का ते विचारा.

आणि श्रद्धेवर तिच्या कामापलीकडचा भार टाकू नका. दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ मन खिन्न असेल किंवा कशातच रस वाटत नसेल, त्यात झोप आणि भूक बिघडली असेल, कामं होत नसतील, तर डॉक्टरांकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जायलाच हवं. जगणं नको वाटत असेल, स्वतःला इजा करण्याचा विचार येत असेल, तर दोन आठवडेही थांबायचं नाही. त्याच दिवशी मदत घ्यायची आणि तोवर एकटं राहायचं नाही. औषध घेतल्याने भक्ती कमी होत नाही. ताप आल्यावर गोळी घेताना हा प्रश्न आपल्याला पडतही नाही.

शेवटचा मुद्दा पुन्हा मागण्याचा, कारण तो नेहमी विचारला जातो: किती वेळा दार ठोठवायचं? ख्रिस्ती धर्माचा आरंभीचा प्रचारक संत पौल याने आपल्या देहातला ‘काटा’ काढून टाकावा म्हणून तीनदा विनवणी केली, असं तो स्वतः लिहितो. काटा गेला नाही. ‘माझी कृपा तुला पुरेशी आहे’ हे उत्तर मिळालं आणि मग त्याने मागणं थांबवलं. तीन हा आकडा काही पवित्र नाही. पण आकडा आधी ठरलेला असावा आणि तो मन शांत असताना ठरवावा, नकाराच्या दिवशी नाही. स्पर्धा परीक्षा असेल तर किती प्रयत्न आणि कोणत्या वयापर्यंत; हस्तलिखित असेल तर किती प्रकाशक. नातं असेल तर मात्र स्पष्ट नकार एकदाच पुरे, तिथे दुसऱ्यांदा विचारणं ही चिकाटी नसते. ठरवलेला आकडा भरला की ती पाच ओळींची यादी पुन्हा काढा. आधीच्या वेळी जे हातात होतं ते खरोखर बदललं होतं का, एवढंच पाहा. बदललं नसेल, तर संपली ती तुमची रीत, मागणं अजून शिल्लक आहे. सगळं बदलूनही उत्तर तेच आलं असेल, तर आता ‘देवाची इच्छा’ म्हणायला हरकत नाही.