खुर्ची चार बोटं खाली

(केबिनचं दार. उंबऱ्याशी थांबलेले सेफ्टी शूज.)

‘या’ म्हणून झालंय, तरी एक पाय अजून बाहेरच आहे. चाकण पट्ट्यातला कारखाना, अप्रेजलचा, म्हणजे वर्षभराच्या कामाच्या मूल्यमापनाचा आठवडा. ऑपरेटर आत येतो, खुर्चीच्या कडेवर टेकतो, नजर टेबलावरच्या काचेत. अशा वेळी बरेच साहेब मनात नोंद करून टाकतात: काहीतरी लपवतोय.

आपल्याकडे मोठ्यांच्या डोळ्याला डोळा न भिडवणं हे घरातच शिकवलं जातं. आणि खोटं नुसतं बघून-ऐकून ओळखण्याचं म्हणाल, तर 2006 साली चार्ल्स बाँड आणि बेला डिपाउलो या मानसशास्त्रज्ञांनी तोवरचे ढीगभर प्रयोग एकत्र तपासले. माणसं सरासरी 54 टक्के वेळा बरोबर ठरली. नाणं उडवलं तरी 50 मिळतातच.

(कॅमेरा माणसावरून खोलीकडे.)

माणूस राहू द्या, आधी खोली बघा. साहेबांची खुर्ची वर-खाली होणारी, आणि ती पुरती वर आहे. समोरची चार पायांची, उंची पक्की. साहेबांच्या पाठीमागे खिडकी, त्यामुळे चेहरा काळवंडलेला. ते हसतायत की वैतागलेत, समोरच्याला कळायला मार्ग नाही. आणि एसीचा झोत नेमका पाहुण्याच्या खांद्यावर.

हाताची घडी बघितलीत? ‘बचावाचा पवित्रा’ हे पुस्तकी निदान करण्याआधी एसीची पट्टी फिरवा.

(पट्टी फिरते. घडी सुटते.)

आता खुर्ची. बसल्या बसल्या दांडा वर ओढायचा, डोळे एका पातळीत येईपर्यंत खाली यायचं. इथे चार बोटं पुरली. मग टेबलामागून उठून कोपऱ्याशी बसायचं, दोघं काटकोनात. समोरासमोर बसलं की नजर एक तर भिडते नाही तर चुकवावी लागते. कोपऱ्यावर ती सहज कागदाकडे जाते आणि परत येते. अंतर साधारण चार फूट. मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी 1966 मध्ये मांडलेल्या मापात ओळखीतलं अंतर इथे संपतं आणि कामाचं सुरू होतं. मापं अमेरिकेतली आहेत, हे खरं. विरार लोकलवाल्याला दीड फूटही चैन वाटेल. म्हणून समोरच्याची पाठ बघा. तुम्ही पुढे झुकल्यावर ती मागे गेली, तर खुर्ची वीतभर मागे घ्या.

खिडकीचा पडदा ओढून घ्या. लॅपटॉप मिटा, अर्धवट नको, पूर्ण.

पहिली दोन-तीन मिनिटं बस, शिफ्ट, डबा. या गप्पा वाया जात नाहीत. हा माणूस एरवी कसा बसतो, ते इथेच कळतं. याला पेन फिरवायची सवय आहे. तेव्हा पेन फिरणं म्हणजे काहीच नाही.

(क्लोजअप: बोटांत फिरणारं पेन.)

मशीन बंद पडल्याचा विषय निघाला. पेन थांबलं. अंगठा टोपणावर दाबलेला, पाय खुर्चीखाली, खांदे वर. एकाच प्रश्नाला तीन बदल, तेही एकदम. इथे काहीतरी आहे, एवढंच यातून समजायचं. काय आहे, ते विचारावं लागतं.

‘ब्रेकडाउनचं निघालं आणि तुम्ही थांबलात. काही अडचण होती का, दादा?’

पुढे मनात पाच आकडे मोजा आणि गप्प राहा. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. तिसऱ्या आकड्याला साहेबांना राहवत नाही, तेच उत्तर सुचवतात आणि समोरचा ‘हो सर’ म्हणून मोकळा होतो. मानही सांभाळा: सावकाश हलली तर ‘बोला’, भराभर हलली तर ‘आटपा’.

(पाच सेकंद शांतता. ऑपरेटरचा चेहरा.)

मशीनचा स्पेअर पार्ट वेळेत आला नव्हता. रेटिंग दुरुस्त झालं.

(शेजारची खोली. व्हिडिओ कॉल.)

लॅपटॉपखाली तीन जाड फाइली, म्हणजे कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत येतो. हातभर मागे बसलं की हातही दिसतात. बोलताना कॅमेऱ्याकडे, ऐकताना पडद्याकडे. आणि पलीकडे जर्मन ग्राहक असेल, तर आपली डावी-उजवीकडे डुलणारी मान त्याला ‘नाही’ वाटू शकते. तोंडाने ‘हो’ म्हणा.