ग्रेव्हीचा सूर

नमस्कार, श्रोतेहो. आंतरसांस्कृतिक संवादाच्या अभ्यासाचा पाया घातला तो प्रामुख्याने अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी. परदेशी नेमणुकीवर निघालेल्या अमेरिकी अधिकाऱ्यांना १९५०च्या दशकात शिकवताना त्यांनी एक गोष्ट सातत्याने मांडली: वेळ पाळणे आणि बोलताना समोरच्यापासून अंतर राखणे यांचेही प्रत्येक समाजात संकेत असतात आणि ते पाळणाऱ्यांना त्यांची जाणीव नसते. पुढे या विचारातून साऱ्या देशांना ठरावीक खणांत बसवण्याची जी रीत पडली, ती मला मुळीच पटत नाही, कारण संवाद देशांमध्ये नव्हे, माणसांमध्ये होतो.

तो कसा होतो, हे भाषाशास्त्रज्ञ जॉन गम्पर्झ यांनी दाखवले. उत्तर भारतातील खेड्यात राहून अभ्यास केलेल्या या संशोधकाने १९८२ सालच्या आपल्या पुस्तकात एक प्रसंग नोंदवला आहे. ब्रिटनमधील एका मोठ्या विमानतळाच्या कर्मचारी उपाहारगृहात भारतीय आणि पाकिस्तानी स्त्रिया वाढण्याच्या कामावर नव्यानेच लागल्या होत्या. त्या उर्मट आहेत, अशी तक्रार त्यांचे वरिष्ठही करीत आणि तेथे जेवायला येणारे मालवाहू कामगारही. वास्तविक त्या जेमतेम दोन-चार शब्द बोलत. कामगाराने मांसाचा पदार्थ घेतला की त्यावर ग्रेव्ही हवी का, एवढेच विचारायचे असे. इंग्रज स्त्री ‘ग्रेव्ही?’ असे चढत्या सुरात विचारी. या स्त्रिया तोच शब्द उतरत्या सुरात उच्चारीत. शब्द तोच, सूर मात्र उतरता, आणि ऐकणाऱ्याला वाटे, ‘ही ग्रेव्ही आहे, घ्यायची तर घ्या.’ ध्वनिमुद्रण ऐकवल्यावर स्त्रियांना प्रथम दोन्हींत काहीच फरक जाणवला नाही, कारण उतरत्या सुरात विचारणे हीच त्यांची नेहमीची रीत होती. फरक उमगल्यावर, लोक आपल्याकडे विचित्र नजरेने का पाहतात, हेही त्यांना उमगले. आणि त्यांच्या मनात उद्धटपणा नव्हता, हे वरिष्ठांना कळले. आपल्याविषयी गैरसमज होतो आहे हे त्या स्त्रियांना पूर्वीपासून जाणवत होते, परंतु त्याचे कारण हाती नसल्याने, आपल्याला भेदभावाची वागणूक मिळते, एवढाच अर्थ त्यांना लावता येत होता.

अशा सूचक खुणांचा अर्थ आपण सवयीने लावतो. पुन्हा सांगतो, सवयीने लावतो, आणि तो चुकला की दोष भाषेला न देता माणसाच्या स्वभावाला देतो. आपल्याकडील इंग्रजी संभाषणाच्या वर्गांत व्याकरणाला जेवढा वेळ दिला जातो, त्याचा निदान चौथा हिस्सा सुराला मिळावा, असे मला मनापासून वाटते.

गम्पर्झ यांनी मात्र त्या स्त्रियांना ‘शुद्ध’ इंग्रजी शिकवले नाही. त्यांनी दोन्ही बाजूंना एकत्र बसवून ध्वनिमुद्रणावर चर्चा घडवली, आणि त्यानंतर कामगार स्त्रियांच्या वागण्यात स्पष्ट सुधारणा झाल्याचे वरिष्ठांनीच सांगितले.