47.84 : साडेसात वर्षं टिकलेला आकडा

स्क्रीनवरचा आकडा बघून ठेवा. 47.84 सेकंद. 100 मीटर फ्रीस्टाइल, 50 मीटरचा पूल, मध्ये एकच टर्न. 19 सप्टेंबर 2000, सिडनी ऑलिंपिकची सेमीफायनल, आणि पोहणारा नेदरलँड्सचा पीटर व्हॅन डेन होगेनबँड. 48 सेकंदांच्या आत तोवर कुणीच आलं नव्हतं.

आदल्याच दिवशी त्याने 200 मीटरचं गोल्ड घेतलेलं, तेही इयान थॉर्पला त्याच्याच देशात हरवून. सेमीफायनलला 1:45.35, विश्वविक्रम. फायनलला पुन्हा 1:45.35! थॉर्प 1:45.83. मग 100 चंही गोल्ड. ही जोडी 1972 च्या मार्क स्पिट्झनंतर कुणाला जमली नव्हती.

200 ची तयारी 100 ला कशी कामी येते? फक्त 100 वाला सुरुवातीलाच सगळा जोर ओततो. शेवटच्या 15 मीटरला हात जड होतात, स्ट्रोक आखूड पडतो, हात भराभर फिरतात पण माणूस पुढे सरकत नाही. 200 ची तयारी असलेल्याचा स्ट्रोक तिथेही लांब राहतो. 2004 ची अथेन्सची फायनल लावून बघा. टर्नला दक्षिण आफ्रिकेचा रोलँड शूमन पुढे. शेवटी होगेनबँड 48.17, शूमन 48.23. त्या वेगाला 0.06 सेकंद म्हणजे साधारण 12 सेंटीमीटर. अर्धी वीत!

आता कमेंटमध्ये हमखास येणारा प्रश्न. अथेन्सच्या 4 × 100 रिलेत तो शेवटच्या लेगला, म्हणजे चौथ्या भिडूच्या 100 मीटरला, 46.79 पोहला, अमेरिकेला मागे टाकून सिल्व्हर आणलं. मग तो विक्रम का नाही? कारण तिथे बझर नसतो. आधीचा भिडू भिंतीकडे येताना दिसत असतो, त्यामुळे हात मागून फिरवत, अंगाला झोका देत उडी घेता येते. अट एकच, त्याचा हात भिंतीला लागण्याआधी पाय ब्लॉकवरून, म्हणजे उडी घ्यायच्या चौथऱ्यावरून, सुटता कामा नयेत. यात अर्धा-पाऊण सेकंद सहज वाचतो. पहिल्या लेगचा स्विमर मात्र बझरवरच सुटतो, म्हणून त्याची वेळ विक्रमाला धरतात. ऑस्ट्रेलियाच्या मायकल क्लिमचा 48.18 चा विश्वविक्रम तसाच झाला होता, सिडनीतच, 47.84 च्या तीन दिवस आधी.

मार्च 2008. फ्रान्सच्या अलँ बर्नारने 47.60 मारून हा विक्रम मोडला. कुठे? आइंडहोवनला, पीटर व्हॅन डेन होगेनबँड स्विमिंग स्टेडियममध्ये. हो, पूलला नाव त्याचंच.

ऑगस्टमध्ये बीजिंग. नव्या स्विमसूटचं वर्ष, विक्रम धडाधड पडत होते. तिशीतला होगेनबँड फायनलला 47.75 पोहला, म्हणजे सिडनीच्या विक्रमापेक्षा 0.09 ने जलद.

नंबर आला पाचवा. त्यानंतर तो रिटायर झाला.