आधी पोटाचं विचारा

कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या नावापुढे ‘दही खा, किडनी वाचवा’ असं छापलंय. ते शीर्षक माझं नाही. मी ‘आतड्यातले जिवाणू आणि मूत्रपिंड’ असं कळवलं होतं. संयोजक म्हणाले, सर, याला कुत्रं फिरकणार नाही. सभागृह भरलंय, तेव्हा त्यांचंच खरं.

दह्याकडे येतो, पण आधी माझं जुनं दुखणं. आमच्याकडे, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांकडे, पेशंट येतो तो जाडजूड फाइल घेऊन. क्रिएटिनिन किती, पोटॅशियम किती, सगळं बघितलं जातं. पोट साफ होतं का, एवढं मात्र कुणी विचारत नाही. वैद्यमंडळी हेच पहिल्यांदा विचारतात आणि आमचे लोक त्यांना हसतात.

डायलिसिसवरच्या एक आजी होत्या. बोलायचं सगळं मुलानं, आजी गप्प. मुलगा बिल भरायला बाहेर गेला, तशा आजी पुढे वाकल्या, दाराकडे बघत हळूच म्हणाल्या, “डॉक्टर, पोरासमोर कसं सांगू? पाच दिस झालं, परसाकडं झालं न्हाई.” होणार कसं? पाणी मोजून प्यायचं, पोटॅशियम चढू नये म्हणून केळं बंद, शहाळं बंद, भाजी उकळून वरचं पाणी फेकायचं. शिवाय फॉस्फरस उतरवणाऱ्या गोळ्या आणि लोहाच्या गोळ्या, दोन्ही पोट बांधणाऱ्या. यातलं काहीच अनाठायी नाही, प्रत्येक गोष्ट गरजेचीच. पण बेरीज कुणी करत नाही! (हसा, हसा. दुसऱ्या रांगेतले काहीजण हसत नाहीयेत, त्यांना मी नंतर भेटतो.) आजींना लॅक्टुलोजचं पातळ औषध दिलं. ते आपल्याला पचत नाही, आतड्यातले जिवाणू त्यावर ताव मारतात. इथून खरं म्हणजे माझा विषय सुरू होतो, आणि संयोजक घड्याळ दाखवतायत.

तर भरभर सांगतो. मूत्रपिंड थकलं की रक्तात साठलेला युरिया आतड्यात उतरतो. काही जिवाणू त्याचा अमोनिया करतात, त्यानं आतड्याचं अस्तर सैल पडतं आणि नको ते रक्तात झिरपतं. दुसरीकडे प्रथिनं कुजवून जिवाणू जे बनवतात, त्याचं यकृतात इंडॉक्सिल सल्फेट आणि पी-क्रेसिल सल्फेट होतं. ही विषं रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून बसतात, त्यामुळे डायलिसिसनंही नीट निघत नाहीत. मल जितका रेंगाळेल तितका कुजवायला वेळ जास्त. अमेरिकेतल्या सुमारे 35 लाख माजी सैनिकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा बद्धकोष्ठ असलेल्यांना पुढे मूत्रपिंडविकार थोडा जास्त झालेला दिसला. हा 2017 चा अभ्यास. संबंध दिसला, कारण सिद्ध झालं नाही.

आता उपकारी जिवाणू. तंतुमय अन्नावर जगणारे जिवाणू ब्युटिरेट नावाचं आम्ल बनवतात, त्यानं अस्तर सावरतं. चीनमधल्या इनर मंगोलियात घोडीचं दूध आंबवून कुमिस करतात. त्यातून वेगळा काढलेला लॅक्टोबॅसिलस केसी झांग हा जिवाणू उंदरांना दिला, मग मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा तोडून पुन्हा सुरू केला, तर इजा कमी झाली. मूत्रपिंडविकाराच्या रुग्णांच्या एका लहान गटातही मूत्रपिंडाच्या कार्याची घसरण मंदावली. हे 2021 मधलं. त्याआधी 2016 मध्ये ऑस्ट्रेलियात 37 रुग्णांना जिवाणू आणि त्यांचं खाद्य असं एकत्र दिलं होतं. पी-क्रेसिल सल्फेट उतरलं, इंडॉक्सिल सल्फेट लक्षणीय हललं नाही. डायलिसिस टळतो, असं मात्र अजून कुणी दाखवलेलं नाही. जिवाणूंच्या कॅप्सूलच्या डबीवर कितीही कोटी जिवाणू छापलेले असोत.

आणि दही? घरच्या विरजणात कोणते जिवाणू, किती, हे घरागणिक बदलतं. त्यात पोटॅशियम आणि फॉस्फरसही आहे, म्हणून वाटीभर चालेल का हे रिपोर्ट बघून ठरवायचं. प्रत्यारोपण झालेल्यांनी जिवाणूंची कॅप्सूल विचारल्याशिवाय घेऊ नये, त्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली असते. आणि पोट साफ व्हावं म्हणून दुकानातून मॅग्नेशियमचं औषध परस्पर आणू नका. मूत्रपिंड थकलेलं असताना ते मॅग्नेशियम बाहेर टाकणार कोण?